तिचा सवाल आणि दोन इंजिनांचं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टरला नंबरप्लेट नसते हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. त्याआधी कळून काही उपयोगही नव्हता. हेलिकॉप्टरचा आणि माझा संबंध निवडणुकीपुरता. ते वरनं जायचं, आम्ही खालनं बघायचो, आणि मग पुढची निवडणूक येईपर्यंत ना ते दिसायचं ना त्यातला माणूस.

ज्या हेलिकॉप्टरबद्दल लिहितोय ते मात्र माझ्या बायकोनं गावात आणलं. भाडं बसदीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या कमिटीनं भरलं, पण आणलं तिनंच.

आमचं गाव निपाणीच्या अंगाचं, कर्नाटकातलं पण सीमेला चिकटून. जैनांची घरं भरपूर, आमचंही त्यातलंच. बसदीत नवी मूर्ती बसवायची म्हणून पंचकल्याण पूजा ठरली. ज्यांनी ही पूजा बघितलेली नाही त्यांना सांगतो. मोठा मांडव पडतो, हत्ती येतो, बँड येतो, जेवणावळी उठतात, आणि पूजेतला प्रत्येक मान सवालाला निघतो. सवाल म्हणजे लिलावच, पण देवाचा असल्यामुळं लिलाव म्हणायचं नाही. हत्तीवर कोण बसणार, पहिला कलश कोण घालणार, पाळणा कोण हलवणार, सगळ्याला सवाल. माईकवाला ओरडतो, लोक आकडा चढवतात, आणि ज्यांच्यावर सुटतो त्या नवराबायकोचं नाव पूजेच्या दिवशी भरल्या मांडवात स्पीकरवरनं घेतलं जातं. पुण्याचं पुढं काय होतं ते कुणी बघून आलेलं नाही. नाव मात्र लांबच्या उसापर्यंत ऐकू जातं.

यंदा कमिटीनं नवीन मान काढला. हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी. पूजेला येणाऱ्या ज्या मुनी महाराजांनी अंगावरचं सूतसुद्धा सोडून दिलं त्यांच्यावर फुलं टाकायला भाड्यानं यंत्र आणायचं, हे कुणाच्या डोक्यातनं आलं देव जाणे. पलीकडच्या गावानं आणलं होतं म्हणून आम्हाला पाहिजे होतं, एवढंच खरं.

सवालाच्या दिवशी मी पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून पेंगत होतो. माईकवाला ओरडला, "पुष्पवृष्टीचा सवाल! जोडीनं हेलिकाप्टरात बसायचा मान!" गुळाच्या व्यापाऱ्यानं आकडा टाकला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी चढवला. त्यानं वाढवला, तिकडनं परत चढला. मी मनात म्हटलं, कुणाची बायको एवढी माजलीय बघावं. डोळे उघडून बघतो तर माझीच.

व्यापाऱ्यानं हात जोडले. सवाल आमच्यावर सुटला. टाळ्या पडल्या तरी ही खाली बसेना.

"अध्यक्ष, इंजन दोन पायजेत. एकाचं आसंल तर आमी बसणार न्हाय."

अध्यक्ष माझ्या वयाचा, शाळेत एका बाकावरचा. त्यानं विचारलं, "वैनी, दोन कशाला वो?"

"एक बंद पडलं तर दुसरं खाली आणतंय. टीव्हीत दाखिवत्यात की."

"आणि दोनी बंद पडली तर?"

"मग सरळ मोक्ष. तुमच्या कमिटीची गरजच न्हाय."

सगळा मांडव हसला. मीच तेवढा हसलो नाही. घरी आल्यावर मी चप्पल काढायच्या आधी सुरू झालो.

"मला इचारलंस काय?"

"इचारलं आसतं तर व्हय म्हणला आसता?"

"न्हाय."

"म्हणूनच इचारलं न्हाय."

"पर तुला काय करायचंय वर जाऊन? माळ्यावर चढायचं म्हटलं तर गुडघं धरून बसतीस."

ती चुलीकडं तोंड करून बोलली. "लगनाच्या पत्रिकेत माझं नाव आलतं. त्येच्यानंतर कुठं आलंय सांगा."

"रेशन कार्डात हाय की."

"ते स्पीकरवर वाचून दाखिवत्यात व्हय?"

यावर मी आणखी थोडा ओरडलो. आमच्या संसारात माझ्या ओरडण्याचं काम एवढंच असायचं, उत्तराची जागा भरून काढायची. मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. "ऐकलीस का" म्हणायचो. सासू "अगं ए" म्हणायची, गल्ली पोरीच्या नावानं आई म्हणायची. या लिखाणातही मी तिचं नाव घालत नाही. कागदावर घालायचं नाव ते नव्हतंच, तिला ते ऐकू यायला पाहिजे होतं.

पूजेच्या आधीच ती गेली. शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती, शेंग हातात धरूनच कलंडली. निपाणीच्या दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. म्हटलं, उशीर कशाचा, आत्ता तर मला शिव्या देत होती. घरात ओरडायला आता कुणी राहिलं नाही. म्हणून मी कमिटीवर ओरडायला लागलो.

कमिटी समाचाराला आली. अध्यक्षानं टोपी काढली, डोळे पुसले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "सवालाचं काय करूया रं?"

"काय करायचं म्हंजी? मी बसतोय."

"सवाल जोडीचा हाय. तू एकटा झालास. तुझा भाऊ आणि त्येची बायको बसू द्यात. नाव त्यांचं घेऊया. घराणं एकच हाय की."

"घराणं एक हाय. हात येगळा हाय. हात तिनं वर केलाय."

"आरं पर मंगल कार्यात मेलेल्या माणसाचं नाव कसं घ्यायचं? सौभाग्यवती म्हणता येईना, कैलासवासी म्हणता येईना."

"मग नुसतं नाव घे. नुसतं नाव बी हुतं तिला."

अध्यक्ष उठला. दारातनं म्हणाला, "इंजन दोनच आणतो बघ. ती म्हणलीया म्हणून. पर बसणार जोडी." म्हणजे बाईची अट पाळायची आणि बाईला वगळायचं. आमच्या कमिटीचा हिशोब असाच असतो.

पूजेच्या सकाळी हेलिकॉप्टर गावाबाहेरच्या माळावर उतरलं. धुरळा एवढा उडाला की जेवणाच्या मांडवातले आचारी भांड्यावर पालथे पडले. पाती थांबली तसं सगळं गाव दोरी ओलांडून पुढं गेलं आणि हेलिकॉप्टरभोवती फिरायला लागलं. पुढनं बघितलं, मागनं बघितलं, काहीजण खाली वाकले. पायलट घाबरला. त्याला वाटलं लोक काहीतरी पळवणार. लोक नंबरप्लेट शोधत होते.

बाहेरच्याला हे कळणार नाही. आमच्या भागात कुठलीही गाडी आली की आधी नंबर बघतात, मग आतला माणूस. केए का एमएच? सीमेचं प्रकरण तापलं की एमएचवाला इकडं येईना आणि केएवाला कागलच्या पुढं जाईना. एसट्या नाक्यावर थांबतात, कुणीतरी कुणाच्या तरी पाटीला काळं फासतं. आमच्या दारात टेम्पो केए आणि जावयाची मोटार एमएच. असल्या दिवसांत दोन्ही गाड्या गोठ्यात लपवायला लागतात. त्यामुळं देवाचं असलं तरी हेलिकॉप्टर कुठल्या राज्याचं, हे कळल्याशिवाय आमच्या माणसाला चैन पडत नाही.

"पुण्यासनं आलंय, आपलं हाय," एकजण म्हणाला.

"बेंगळूरचं हाय ते, गप," दुसरा.

बंदोबस्ताचा पोलीस वही घेऊन आला. त्याला नंबर लिहून घ्यायचा होता. त्यानं कन्नडात विचारलं, "इदु याव राज्यदु?" म्हणजे हे कुठल्या राज्याचं, आणि पायलटबरोबरच्या माणसाकडं बघायला लागला. हा माणूस हेलिकॉप्टरचा इंजिनियर. वाळलेला, हाताला तेल, हिंदी बोलणारा. त्यानं शेपटीकडं बोट केलं. तिथं मोठ्या इंग्रजी अक्षरांत व्हीटी, मग एक आडवी रेघ, मग आणखी तीन अक्षरं. आकडा एकही नाही.

"राज्य नहीं होता," इंजिनियर म्हणाला. "व्हीटी मतलब पूरा भारत."

"भारत तर बी नं सुरू हुतोय, न्हायतर आय नं. व्ही कशाचा?" मी विचारलं. एवढं इंग्रजी मला टेम्पोमुळं येतं.

इंजिनियर हसला. त्यानं सांगितलं ते असं: ही अक्षरं इंग्रजांच्या काळात मिळाली, ती तशीच राहिली. व्ही म्हणजे व्हॉइसरॉयचा, असं लोक म्हणतात. खरं-खोटं त्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे आम्ही खाली केए का एमएच म्हणून डोकी फोडून घेतोय, आणि वर आभाळात अजून लाटसाहेबाचीच पाटी. मी मोठ्यानं हसलो. पोलीस हसला नाही. त्याच्या वहीत राज्याचा रकाना होता. शेवटी त्यानं तिथं एक रेघ मारली.

आता माझं खरं काम होतं, इंजिनं दोन आहेत का ते बघायचं. मी जन्मात नवी गाडी घेतलेली नाही. ट्रॅक्टर दुसऱ्या हाताचा, टेम्पो तिसऱ्या हाताचा, आणि मोटारसायकल कितव्या हाताची ते तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. जुनी गाडी बघायची म्हणजे आधी रंग बघायचा. कुठला रंग नवा आहे, आणि का.

इंजिनियरनं वरचं झाकण उघडून दाखवलं. दोन इंजिनं शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखी. एक मेलं तर दुसरं घेऊन येतं, असं त्यानंही सांगितलं. माझं तोंड बघून तो गप्प झाला, त्याला कुणीतरी माझी गोष्ट सांगितली असावी. मी म्हटलं, बाबा, पुढं बोल, माझं मशीन वेगळं हाय.

मग मी शेपटीकडं गेलो. ऊन तिरकं पडलं होतं. पांढऱ्या रंगाखाली दुसऱ्या अक्षरांच्या कडा दिसत होत्या.

"ये किसका नाम है?"

"पुराना रजिस्ट्रेशन," तो म्हणाला, आणि त्याची कळी खुलली. तेलाचे हात पुसत पुसत त्यानं त्या यंत्राचं सगळं चरित्र सांगितलं. परदेशात जन्म. तिथंच पहिली अक्षरं. तिथल्या समुद्रात तेलाच्या विहिरींवर माणसं न्यायचं-आणायचं काम. मग विकलं. दुसरा देश, दुसरी अक्षरं. मग इकडं आलं, ती खरवडून व्हीटी लावलं. मुंबईच्या समुद्रात काही वर्षं, मग डोंगरात यात्रेकरू, मग पुढारी, मग लग्नं.

"कितवा मालक?" मी विचारलं. तो नुसता हसला. मोटारसायकलीसारखंच.

"आणि एवढ्या वेळा नाव बदललं तर तेच मशीन हाय हे कशावरनं?"

त्यानं दार उघडलं आणि आतल्या बाजूला ठोकलेली एक लहान पत्र्याची पट्टी दाखवली. कारखान्यात जन्मतेवेळी ठोकलेला नंबर. देश बदलला, मालक बदलला, बाहेरची अक्षरं बदलली, तरी ही पट्टी काढता येत नाही म्हणाला.

मी तिथंच पायरीवर बसलो. लग्नात आमच्या आईनं हिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून माझ्या बोटानं नवीन नाव लिहून घेतलं. त्या वेळी रीतच होती, कुणी विचारायचं नाही. जुनं नाव माहेरी राहिलं. तिची आई होती तोवर ते ऐकायला यायचं, आई गेली आणि तेही बंद झालं. आणि मी अध्यक्षाशी भांडलो तेव्हा माझ्या डोक्यात आमच्या घरचंच नाव होतं. तिला स्पीकरवर कुठलं ऐकायचं होतं? तिच्या पत्रिकेत तर माहेरचंच होतं.

तेवढ्यात भाऊ आणि त्याची बायको येऊन उभे राहिले. मान घेणाऱ्या जोडीनं घालायचा इंद्र-इंद्राणीचा पोशाख, डोक्यावर चमकीचे मुकुट. भाऊ वाईट नाही. त्याला कमिटीनं उभा केला, तो राहिला.

"अण्णा, काय म्हणतोय तो?" त्यानं विचारलं.

मी भाषांतर केलं. म्हटलं, परदेशातलं जुनं मशीन हाय. लई वर्षं समुद्रात हुतं, खाऱ्या वाऱ्यात. रंगावर रंग चढवल्यात. डोंगरात बी लई पिदडलंय. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. प्रत्येक भाग ठरल्या तासांनी काढून बदलतात हेही इंजिनियर म्हणाला होता, तेवढं मराठीत करायचं राहून गेलं.

भावाची बायको माझ्याशी थेट बोलत नाही, थोरल्या दिराशी बोलायची आमच्यात पद्धत नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "अण्णास्नी सांगा, माझं डोस्कं गरगराय लागलंय."

"आगं आजून बसली बी न्हाईस," भाऊ म्हणाला.

"म्हणूनच गरगरतंय. बसल्यावर काय हुईल?"

मुकुट काढून तिनं त्याच्या हातात दिला आणि गर्दीत शिरली. अध्यक्ष धावत आला. गुळाच्या व्यापाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, माझं वजन लई हाय, मशीनला त्रास. पायलट घड्याळ दाखवायला लागला. त्याला कमिटीनं सकाळी कांदा नसलेलं उपीट खायला घातला होता, त्यामुळं तो आधीच नाराज होता. त्यानं सांगितलं, फुलं टाकायला माझ्या इंजिनियरबरोबर एकच माणूस चालेल, नवरा कोण बायको कोण मला देणंघेणं नाही, दहा मिनिटांत निघायचंय.

अध्यक्ष माझ्याकडं बघायला लागला.

"बस जा," तो म्हणाला. "नाव घेतो तिचं."

"माहेरचं आधी घ्यायचं, मग आमच्या घरचं, मग माझं."

"माहेरचं कुणाला म्हायती हाय?"

"तिला म्हायती हाय."

मी नाव सांगितलं. मला वाटलं होतं आठवायला लागेल. लागलं नाही. अध्यक्ष पुटपुटत माईकवाल्याकडं गेला.

आत बसल्यावर माझी भीतीनं गाळण उडाली हे लिहायला लाज कशाला? माझ्या शेजारच्या सीटवर इंजिनियरनं झेंडूच्या पाकळ्यांचं पोतं ठेवलं आणि त्याला पट्टा बांधला. जोडी पाहिजे होती ना, झाली. जन्मात पहिल्यांदा शेजारी कुणीतरी गप्प बसलं. ती असती तर पायलटला गाडी हळू चालवायला सांगितली असती.

वर गेलो. लोक म्हणतात आभाळातनं सीमा दिसत नाही. चांगली दिसते. हायवेला जिथं पेट्रोल पंपांची माळ लागते आणि अचानक तुटते, तिथं कर्नाटक संपलं. इकडं डिझेल स्वस्त, म्हणून सगळे पंप कुंपणाला नाक लावून बसलेत. मी ते इंजिनियरला ओरडून सांगितलं, त्याला ऐकू आलं नाही. मला माझंच ऐकू आलं नाही. दोन इंजिनं डोक्यावर अशी ओरडत होती की दातसुद्धा आतनं वाजत होते.

मांडव खाली आला. इंजिनियरनं मला कमरपट्ट्याला धरलं, बैल धरावा तसा, आणि खूण केली. मी फुलं टाकली. ओंजळीनं टाकली, मग पोत्यात ठेवलेल्या सुपानं, शेवटी पोतंच उपडं केलं. पंख्याच्या वाऱ्यानं फुलं सरळ खाली जाईनात. अर्धी मांडवावर, अर्धी जेवणाच्या बाजूला. त्या दिवशीच्या आमटीत झेंडू निघाला असं नंतर बरेच जण म्हणाले. खाली माणसं तोंडं वर करून हात हलवत होती. स्टेजवर माईकवाला दिसला, माईक तोंडाशी धरलेला. त्याचं तोंड हलत होतं.

मला काहीच ऐकू आलं नाही.

उतरल्यावर मी पायलटला नमस्कारही केला नाही. थेट भावाकडं गेलो. "नाव घेतलं?"

"घेतलं आसंल की, अण्णा. आमी वर बघत हुतो."

त्याच्या बायकोला विचारलं, नवऱ्याकरवी. तिनं नवऱ्याकरवी सांगितलं की त्या आवाजात काय ऐकू येणार? गुळाचा व्यापारी म्हणाला, मी कानात बोटं घातलती. माझी पोरगी कोल्हापूरहून आली होती, ती म्हणाली, "आप्पा, मी रडत होते." एवढ्या मोठ्या गावात, एवढ्या मोठ्या मांडवात, तिचं नाव एका माणसानंही ऐकलं नव्हतं.

माईकवाल्याला गाठलं. तो शपथेवर आला. "घेतलं वो आप्पा! माहेरचं आधी, तुम्ही सांगितल्यावाणी. दोनदा घेतलं. पर वरनं ती दोन इंजनं बोंबलत हुती, मी काय करू?"

मी मांडवातल्या खुर्चीत बसलो. एकाच इंजिनाचं आणलं असतं तर थोडं तरी ऐकू आलं असतं. दोन पाहिजेत म्हणून भरसभेत कोण उभं राहिलं होतं? मला हसू यायला लागलं आणि थांबेना. लोक पाणी घेऊन आले. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

दुसऱ्या दिवशी मांडव सोडायला सुरुवात झाली. मी गेलो. माईकवाला वायर गुंडाळत होता.

"परत जोड," मी म्हटलं.

"आप्पा, आता कुणासाठनं? मांडवात कुत्रं सुदिक न्हाय."

"माझ्यासाठनं. मी काल वर हुतो."

त्यानं गुंडाळलेली वायर सोडली, पेटीला लावली, माईकवर फुंकर मारली. माझ्याकडं बघत त्यानं नाव घेतलं. माहेरचं आधी. मग आमच्या घरचं. शेवटी माझं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, निम्मं कापड निघालं होतं, आवाज मोकळा उसाकडं गेला.

बांबूवर चढून दोर सोडणारा माणूस कुठल्या तरी लांबच्या गावचा. त्यानं वरनं विचारलं, "कोण वो ही बाई?"

मी एक खुर्ची रचीतनं ओढून काढली, तिच्यावर बसलो, आणि सांगायला लागलो. तो गाठी सोडत गेला आणि मधून मधून विचारत गेला, "मग?"